नाळेतली गुठळी आणि ‘माझं काय चुकलं?’ या प्रश्नाचा इतिहास

‘नाळेच्या शिरेत रक्ताची गुठळी आढळली.’ प्रसूतीनंतरच्या रिपोर्टवर क्वचित हे वाक्य येतं. बाळ सुखरूप असेल तर कागद फाइलमध्ये जातो आणि कुणी तो पुन्हा उघडत नाही. पण नवव्या महिन्यात बाळ पोटातच गेलेलं असेल, तर त्या एका वाक्यापाशी सगळं घर थांबतं. आईचा प्रश्न एकच असतो, ‘माझं काय चुकलं?’ आणि घरात, शेजारात कुणाकडे तरी उत्तर तयारच असतं. हात वर करून कपडे वाळत घातले, दोरी ओलांडली, ग्रहणात बाहेर पडली, सातव्या महिन्यात प्रवास केला.

मी फिजिशियन आहे, प्रसूतितज्ज्ञ नाही. पण रक्ताच्या गुठळ्या हा आमचा रोजचा विषय, त्यामुळे असे रिपोर्ट घेऊन माणसं माझ्याकडेही येतात. ‘पुढच्या वेळी रक्त पातळ करायचं इंजेक्शन घ्यायचं का?’ हे त्यांना विचारायचं असतं. ‘तुमचं काही चुकलं नाही’ असं मी सांगतो तेव्हा ते बऱ्याच जणांना नुसतं सांत्वन वाटतं. ते सांत्वन नाही. गेल्या चारशे-साडेचारशे वर्षांत अनेकांनी केलेल्या कामातून निघालेला तो निष्कर्ष आहे. तो कसा निघाला, ते आज पाहू.

आधी नाळ समजून घेऊ

कमळाच्या देठाला संस्कृतात ‘नाल’ म्हणतात. आपली ‘नाळ’ त्याच कुळातली. पूर्ण दिवसांच्या बाळाची नाळ साधारण 50 ते 60 सेंटीमीटर लांब आणि बोटाएवढी जाड असते. एका टोकाला बाळाची बेंबी, दुसऱ्या टोकाला वार. आत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन धमन्या आणि एक शीर. इथे कामाची वाटणी उलटी असते. आपल्या शरीरात धमन्या बहुतेक ठिकाणी शुद्ध रक्त नेतात. नाळेत मात्र प्राणवायूने भरलेलं रक्त शिरेतून बाळाकडे येतं आणि वापरलेलं रक्त धमन्यांतून वारेकडे परत जातं.

या तीन वाहिन्यांभोवती जेलीसारखा लवचिक, बुळबुळीत थर असतो. त्याला ‘व्हार्टनची जेली’ म्हणतात. थॉमस व्हार्टन या लंडनच्या डॉक्टरने 1656 मध्ये ग्रंथींवरच्या आपल्या पुस्तकात तिचं वर्णन केलं. 1665 च्या प्लेगमध्ये अनेकांनी लंडन सोडलं, तेव्हा शहरात थांबून रोगी पाहणाऱ्यांपैकी हा एक. ही जेली गादीचं काम करते. बाळ वळलं, नाळ पिळली गेली, हातापायाखाली आली, तरी आतल्या वाहिन्या सहसा चेपत नाहीत.

म्हणूनच मानेभोवती नाळेचा वेढा दिसला की घाबरून जाऊ नका. दर चार-पाच प्रसूतींमागे एकीत असा वेढा असतो आणि बहुतेक बाळं ठणठणीत असतात. बाळ पोटात कोलांट्या मारतं, त्यातून वेढा पडतो. आईने हात वर केल्याने नाळ गुंडाळली जाण्यासारखी जोडणी शरीरात कुठेच नाही.

ते रक्त कुणाचं?

नाळेतून बाळाचं पोषण होतं हे आपल्या प्राचीन वैद्यांना माहीत होतं. चरक आणि सुश्रुत संहितांमध्ये बेंबीला नाळ, नाळेला वार आणि वार आईला जोडलेली, अशी साखळी सांगितली आहे. युरोपात गेलेनच्या परंपरेत आईच्या रक्तवाहिन्या थेट बाळाच्या वाहिन्यांना जोडलेल्या असतात, असा समज शतकानुशतकं होता. म्हणजे आईचं रक्त तसंच्या तसं बाळात वाहतं. मग त्या रक्तात काही बिघडलं, तर दोष आईच्या खाण्यापिण्याचा आणि वागण्याचा, हे ओघानेच आलं.

या समजाला पहिला धक्का इटलीत बसला. बोलोन्याच्या जुलिओ चेझारे आरांत्सी याने 1564 मध्ये मानवी गर्भावरचं पुस्तक छापलं आणि आईच्या व बाळाच्या वाहिन्या थेट जोडलेल्या नसतात असं म्हटलं. पुढे 1628 मध्ये विल्यम हार्वेने रक्ताभिसरण सिद्ध केलं. गर्भाची फुप्फुसं काम करत नसताना रक्त कोणत्या आडवाटेने फिरतं, हेही त्याने त्याच पुस्तकात मांडलं.

डोळ्यांना दिसेल असा पुरावा मिळायला मात्र 1754 साल उजाडावं लागलं. लंडनमध्ये मॅकेंझी नावाच्या डॉक्टरने गरोदरपणात मरण पावलेल्या एका स्त्रीच्या गर्भाशयाच्या वाहिन्यांमध्ये रंगीत मेण भरलं. ते घट्ट झाल्यावर त्याने शल्यविशारद जॉन हंटरला बोलावलं. विच्छेदनात दिसलं, की मेण वारेच्या स्पंजासारख्या भागात पोहोचलं होतं, पण बाळाच्या वाहिन्यांत शिरलेलं नव्हतं. जॉनचा थोरला भाऊ विल्यम हंटर हा त्या काळचा नावाजलेला प्रसूतितज्ज्ञ. त्याने 1774 मध्ये गर्भाशयावरचा आपला भव्य चित्रसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात 34 चित्रपट्ट आहेत. 1780 मध्ये या शोधाचं श्रेय कुणाचं, यावरून दोघा भावांत जाहीर वाद झाला आणि वितुष्ट आलं.

भांडण त्यांचं, फायदा आपला. तेव्हापासून हे पक्कं झालं की वारेत आईचं आणि बाळाचं रक्त अगदी जवळून वाहतं, मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू आणि अन्नघटकांची देवाणघेवाण होते, पण दोन अभिसरणं वेगळी असतात. नाळेत वाहतं ते बाळाचं रक्त, बाळाच्याच हृदयाने ढकललेलं. नाळेत गुठळी होते ती बाळाच्या रक्ताची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या वेळी तो लागणार आहे.

‘दुधाचा पाय’ आणि व्हिर्चोची तीन कारणं

रक्त वाहता वाहता वाहिनीतच का गोठतं, हे कळायला अजून शंभर वर्षं जायची होती. बाळंतिणींच्या एका आजारात हा गोंधळ स्पष्ट दिसतो. प्रसूतीनंतर काही स्त्रियांचा एक पाय सुजतो, पांढरट पडतो, ठणकतो. 17 व्या शतकात फ्रान्सच्या मोरिसोने त्याचं वर्णन केलं. 18 व्या शतकात समज असा होता की स्तनातलं दूध वाट चुकून पायात उतरलं. म्हणून त्याला इंग्रजीत ‘दुधाचा पाय’ असंच नाव पडलं. आईने नीट पाजलं नाही म्हणून दूध पायात साठलं, असा ठपकाही त्याच्यामागून आलाच. 1823 मध्ये लंडनच्या डेव्हिड डेव्हिसने अशा मृत स्त्रियांच्या शिरा उघडून दाखवलं, की तिथे दूध नव्हतं, रक्ताच्या गुठळ्या होत्या.

का झाल्या, याचं उत्तर बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्चोने शोधलं. 1840 च्या दशकात त्याने दाखवलं की फुप्फुसात सापडणारी गुठळी पुष्कळदा पायाच्या शिरेतून सुटून आलेली असते. त्याचे हे निबंध 1856 मध्ये एकत्र छापले गेले. त्या लिखाणावरून पुढच्या पिढ्यांनी गुठळीच्या कारणांचा त्रिकोण मांडला, तो आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी पाठ करतो:

1. रक्ताचा वेग मंदावणं
2. वाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा
3. रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं

आता हाच त्रिकोण नाळेला लावून पाहा.

वेग कशाने मंदावतो? नाळेत खरी गाठ पडून घट्ट झाली, नाळ फार लांब किंवा अति पिळाची असली, एका जागी ती बारीक होऊन आवळली गेली, किंवा ती वारेच्या मध्याऐवजी कडेला अथवा नुसत्या पडद्यावर जोडलेली असली तर. तशी खरी गाठ शंभरातल्या एखाद्या नाळेत सापडते आणि बहुतेक गाठी सैलच राहतात.

अस्तराला इजा कशाने होते? गर्भाशयातला जंतुसंसर्ग नाळेपर्यंत पोहोचला, किंवा बाळाने पोटातच शी केली आणि ती दीर्घकाळ नाळेला लागून राहिली, तर. क्वचित नाळेतल्या शिरेचा भाग फुग्यासारखा फुगतो, तिथेही अस्तर बिघडतं.

गोठण्याची प्रवृत्ती कशाने वाढते? आईचा मधुमेह ताब्यात नसणं हे एक नोंदलेलं कारण आहे. काही बाळांमध्ये रक्त पातळ ठेवणाऱ्या प्रथिनांची जन्मजात कमतरता असते.

या यादीत कपडे वाळत घालणं नाही, ग्रहण नाही, दोरी नाही, जिना नाही. मधुमेहाची काळजी घ्यायलाच हवी, पण तोही आजार आहे, गुन्हा नाही. आणि पुष्कळदा या तिन्हींपैकी ठोस असं काहीच सापडत नाही.

किती दुर्मीळ?

या विषयावरचा सर्वांत जास्त उल्लेखला जाणारा अभ्यास 1988 चा आहे. हाइफेट्झ या पॅथॉलॉजिस्टने 52 नाळांचा अभ्यास आणि तोपर्यंतच्या लिखाणाचा आढावा एकत्र मांडला. त्यात सुमारे 1300 प्रसूतींमागे एक असं प्रमाण आलं. जोखमीच्या गरोदरपणात ते 250 मागे एक होतं. बहुतेक गुठळ्या शिरेत होत्या. धमनीतल्या गुठळ्या कमी, पण बाळाला अधिक घातक.

सगळीच बाळं जातात असं नाही. त्यामागचं एक कारण व्हिएन्नाच्या योझेफ हिर्टलने 1870 मध्ये दाखवलं होतं. नाळ वारेला जिथे मिळते त्याच्या जवळ दोन्ही धमन्यांना जोडणारी एक आडवी वाहिनी असते. एक धमनी तुंबली तर दुसरी काही प्रमाणात तिचा भार उचलू शकते. दोनपैकी एका धमनीत गुठळी असूनही सुखरूप जन्मलेल्या बाळांच्या नोंदी आहेत. पण ही सोय मर्यादित असते. शीर तर एकुलती एक. ती पूर्ण बंद झाली तर पर्यायी रस्ता नाही, आणि हे काही तासांतही घडू शकतं.

रक्त पातळ करायच्या इंजेक्शनचं काय?

इथे दोन औषधांची गोष्ट सांगायला हवी.

1916 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जे मॅक्लीन नावाचा वैद्यकीय विद्यार्थी प्रा. विल्यम हॉवेल यांच्याकडे काम करत होता. शोधायचा होता रक्त गोठवणारा पदार्थ, हाती लागला गोठू न देणारा. तो यकृतातून मिळाला, म्हणून ग्रीक शब्दावरून त्याला 1918 मध्ये ‘हेपारिन’ नाव दिलं गेलं. 1930 च्या दशकात टोरांटो आणि स्टॉकहोममधल्या शास्त्रज्ञांनी ते शुद्ध केलं. टोरांटोच्या गटात इन्सुलिनच्या शोधातला चार्ल्स बेस्टही होता. त्यानंतर ते माणसांना देता येऊ लागलं.

दुसरं वॉरफॅरिन. उत्तर अमेरिकेत 1920 च्या दशकात सडलेला गोड क्लोव्हर चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. त्या चाऱ्यातला पदार्थ विस्कॉन्सिनच्या कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने शोधला. त्याच कुळातलं वॉरफॅरिन 1948 मध्ये उंदीर मारायचं औषध म्हणून बाजारात आलं आणि 1954 पासून माणसांत वापरलं जाऊ लागलं. पण 1966 मध्ये, हृदयात कृत्रिम झडप असल्याने गरोदरपणात वॉरफॅरिन घेतलेल्या एका आईच्या बाळात नाकाच्या हाडाची वाढ खुंटल्याची नोंद झाली. हे औषध वार ओलांडून बाळापर्यंत जातं. हेपारिनचा रेणू मोठा, तो वार ओलांडत नाही. गरोदर स्त्रीच्या पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली तर आम्ही हेपारिनच्या कुळातली इंजेक्शनं देतो, ती याच कारणासाठी.

आता मघाचा मुद्दा आठवा. नाळेतलं रक्त बाळाचं. हेपारिन आईच्या रक्तात राहतं. जो गुण बाळाला सुरक्षित ठेवतो, तोच गुण हेपारिनला नाळेतल्या गुठळीपर्यंत पोहोचू देत नाही. नाळेत झालेली गुठळी विरघळवणारं खात्रीचं औषध आज नाही. अशी गुठळी वेळेत दिसलीच, तर उपाय दोनच: बाळावर अगदी बारीक लक्ष आणि योग्य वेळी प्रसूती, गरज पडल्यास तातडीचं सिझेरियन.

मग ‘पुढच्या वेळी’चं काय? ज्यांना अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम आहे, त्यांना अ‍ॅस्पिरिन आणि हेपारिनचा उपयोग होतो. हा आजार आईच्या रक्तात तपासता येतो, पण एकदा पॉझिटिव्ह आलेली चाचणी किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करून खात्री करावी लागते. आनुवंशिक दोष असलेल्या सगळ्यांना मात्र सरसकट इंजेक्शन देण्याला पुराव्याचा आधार मिळालेला नाही. 2014 चा टिप्स आणि 2023 चा अलाइफ-2, या दोन मोठ्या चाचण्यांमध्ये त्याने गरोदरपणाचा शेवट अधिक चांगला झाला, असं दिसलं नाही. रोज पोटात टोचून घेणं, त्याचा खर्च आणि रक्तस्रावाची भीती, हे सगळं ‘काहीतरी करायला हवं’ एवढ्याच कारणासाठी करू नये. तुमच्या बाबतीत गरज आहे का, हे रिपोर्ट पाहूनच ठरतं.

आधी कळतं का?

पोटातल्या बाळाचा ठोका ऐकणं हेच एके काळी आश्चर्य होतं. 1818 मध्ये जिनिव्हाच्या मायोर या सर्जनने पोटाला कान लावून तो ऐकल्याची नोंद केली. 1821 मध्ये पॅरिसच्या केरगाराडेकने तेव्हा नव्यानेच आलेला स्टेथोस्कोप पोटावर ठेवला. त्याला ऐकायचा होता गर्भजलाचा आवाज, ऐकू आला बाळाच्या हृदयाचा. 1950 च्या दशकात ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी धातूतल्या भेगा शोधणारं कारखान्यातलं यंत्र वापरून पाहिलं, आणि 1958 मध्ये त्यांच्या गटाचा सोनोग्राफीवरचा प्रसिद्ध लेख आला. 1977 मध्ये डब्लिनच्या फिट्झजेराल्ड आणि ड्रम यांनी डॉप्लर तंत्राने नाळेतल्या रक्तप्रवाहाची नोंद केली. आज रिपोर्टवर ‘अंबिलिकल आर्टरी डॉप्लर’ असं जे दिसतं, त्याची सुरुवात ही.

डॉप्लरने प्रवाह दिसतो, त्यामुळे क्वचित गुठळीचा संशयही येतो. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत नाळेत तीन वाहिन्या होत्या आणि आठव्या-नवव्यात दोनच दिसल्या, तर एक धमनी तुंबली असण्याची शक्यता तपासावी लागते. सुरुवातीपासून दोनच वाहिन्या असणं ही वेगळी गोष्ट आहे. ती शंभरातल्या साधारण एका बाळात असते आणि इतर दोष नसतील तर सहसा निभावून जातं. पण आज नीट दिसलेली नाळ पुढच्या आठवड्यात बिघडू शकते. म्हणून ‘मागच्याच सोमवारी सोनोग्राफी नॉर्मल होती, मग हे कसं?’ याचा अर्थ डॉक्टरांनी दुर्लक्ष केलं असाच असतो, असं नाही.

आईच्या हातात एकच गोष्ट आहे, बाळाची हालचाल. शेवटच्या महिन्यात जागा कमी पडते म्हणून बाळ कमी हलतं, हा समज चुकीचा आहे. हालचालीची तऱ्हा बदलते, पण बाळ शांत होत जात नाही. नेहमीपेक्षा हालचाल कमी वाटली तर गोड खाऊन वाट बघत बसू नका, ‘सकाळी बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. दहातल्या नऊ वेळा सगळं ठीक निघालं तरी जाणं वाया गेलं असं समजू नका.

मात्र उलट हिशोब मांडू नका. हालचाल कमी झाल्याचं ज्या आईला कळलं नाही, ती निष्काळजी होती असं नव्हे. शीर अचानक बंद झाली तर कळायला वेळच मिळत नाही.

वार टाकून देण्याआधी

आपल्याकडे पूर्वी वार अंगणात पुरायचे. आता ती पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जाते. दोन्हींत एक साक्षीदार निघून जातो. वारेचा पद्धतशीर अभ्यास तसा अलीकडचा. कुर्ट बेनिर्शके आणि शर्ली ड्रिस्कॉल यांचा मोठा ग्रंथ 1967 चा. वार आणि नाळेतल्या दोषांना जगभर एकच नावं असावीत म्हणून तज्ज्ञ अ‍ॅमस्टरडॅमला जमले 2014 मध्ये, आणि तो मसुदा छापून आला 2016 मध्ये.

बाळ पोटात गेलं असेल, तर त्या अवघड क्षणीही नातेवाइकांपैकी कुणीतरी डॉक्टरांना एवढं विचारा, ‘वार आणि नाळ तपासायला पाठवता येईल का?’ फॉर्मलिनमध्ये ठेवून ती पॅथॉलॉजी विभागाकडे जाऊ शकते. बाळ गेल्यानंतरही नाळेत रक्त साकळतं. ते कोणतं आणि आधी झालेली खरी गुठळी कोणती, हे सूक्ष्मदर्शकाखाली भिंतीशी असलेली तिची चिकटण पाहून तज्ज्ञच सांगू शकतो. शिवाय गुठळीसोबत संसर्ग, आवळलेली नाळ किंवा वारेतलीही गुठळी सापडली, तर पुढच्या गरोदरपणात कशावर लक्ष ठेवायचं ते ठरतं. तपासणीत काही सापडलं नाही तरी ‘हे नव्हतं, तेही नव्हतं’ एवढं तरी हातात राहतं.

पुढच्या वेळी काय करायचं, तेही थोडक्यात सांगतो. गरोदर राहण्याआधी रक्तातली साखर तपासून घ्या. तंबाखू आणि मिश्री घरातून जाऊ द्या. जुना रिपोर्ट जपून ठेवा आणि पहिल्याच भेटीत दाखवा. प्रसूती कुठे करायची ते आधी ठरवा, जिथे सोनोग्राफी आणि सिझेरियनची सोय रात्रीही आहे असं ठिकाण निवडा. नाळेतली गुठळी पुन्हा होईलच असं नाही. बहुतेकदा ती त्या एका नाळेपुरतीच असते.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. सासूबाई, आई, वहिनी, शेजारच्या काकू, तुम्ही प्रेमापोटी बोलता हे मला माहीत आहे. पण ‘तेव्हा तू तसं करायला नको होतंस’ हे वाक्य ती बाई वर्षानुवर्षं मनात घेऊन फिरते. त्याऐवजी तिच्यासोबत रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे या. तिच्या प्रश्नाला आज उत्तर आहे, आणि ते तिच्याबरोबर तुम्हीही ऐकायला हवं.